खोडलेल्या ओळीखाली तारीख घाला

प्रिय ताई,

गेल्या आठ महिन्यांत अकरा पुस्तकं वाचली. सहा कादंबऱ्या, बाकीची आत्मकथनं, वैचारिक, माहितीपर. प्रत्येकाबद्दल वहीत चार ओळी लिहून ठेवते. आमचा लहानसा वाचनगट आहे. मागच्या बैठकीत मी सांगितलं, की सध्या जिचं सगळीकडे कौतुक चाललंय ती कादंबरी मला कंटाळवाणी वाटली, १४० व्या पानावर मी ती सोडून दिली. गटातले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "पूर्ण न वाचता मत देणं बरं नव्हे. आणि मत द्यायला थोडा अभ्यासही लागतो." कुणीच काही बोललं नाही. घरी आल्यावर मी वहीतली नोंद खोडली आणि वर लिहिलं, 'वेगळा प्रयोग. पुन्हा वाचायला हवी.' ते खोटं आहे हे लिहितानाच कळत होतं. तेव्हापासून वहीत काही लिहिलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी. 'मृत्युंजय' वाचून कर्णासाठी रडले आणि लगेच 'युगान्त' हातात घेतलं. इरावतीबाईंचा कर्ण वाचून वाटलं, कुणीतरी आपल्याला फसवलंय. पण दोघांपैकी कुणी, ते कळेना. दुसरं म्हणजे माणसाच्या मनाबद्दलचं एक पुस्तक इतकं आवडलं, की चौघांना भेट दिलं. नंतर भाच्याने सांगितलं, त्यातले काही प्रयोग पुन्हा करून पाहिले तर तसे निष्कर्ष येत नाहीत. आता ते पुस्तक आवडलं होतं असं म्हणायचीही लाज वाटते.

माझ्यासारख्या साध्या वाचणारीने पुस्तकांवर मत द्यावं का? द्यायचं तर कसं? वहीतल्या चार नोंदी उतरवून पाठवते आहे.

वहीवाली

————

प्रिय वहीवाली,

तुमच्या चारही नोंदी मी पत्राच्या आधी वाचल्या. पाकीट उघडल्यावर तोच कागद आधी हाती आला. बरं झालं, कारण 'साधी वाचणारी' हे शब्द त्यानंतर वाचनात आले आणि ते मला अजिबात पटले नाहीत.

डॉक्टरांच्या अनुभवकथनावरची नोंद इथे देते, इतर वाचकांनाही ती कळायला हवी: 'पान ८८. मूल गेल्याचं कळल्यावर बाई त्याचा एक बूट हातात धरून बाकावर बसून राहते. डॉक्टर तिथे काहीच म्हणत नाही, पुढच्या रुग्णाकडे वळतो. मी पुस्तक मिटलं, खिडकीशी जाऊन उभी राहिले. राग आला होता, पण त्याचा नाही.'

ही नोंद वाचून पुस्तकाबद्दल मला काय काय कळलं पाहा. लेखक कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो हे कळलं. त्याच्या त्या गप्प बसण्याने वाचणाऱ्याचं काय होतं हे कळलं. आणि 'पण त्याचा नाही' या तीन शब्दांत तुम्ही स्वतःची प्रतिक्रिया तपासूनही पाहिलीत. राग डॉक्टरच्या कोरडेपणाचा असता तर पुस्तक फसलं होतं असं म्हणता आलं असतं. तो त्याचा नव्हता, म्हणजे त्याने ते पान बरोबर लिहिलंय. समीक्षा यापेक्षा वेगळं काय करते? शब्द जड असतात, एवढंच.

आता तुमची पहिली नोंद: 'सुंदर! ओघवती भाषा, खिळवून ठेवणारं कथानक. जरूर वाचावी.' ही कुठल्याही कादंबरीवर चिकटवता येईल. पुस्तकाचं नाव झाकलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाही ओळखता येणार नाही. 'ओघवती', 'खिळवून ठेवणारं', 'वाचनीय', 'अंतर्मुख करणारं' हे शब्द मलपृष्ठावरच्या मजकुरातून आपल्या जिभेवर येऊन बसलेले असतात आणि विचार करायच्या आधीच बाहेर पडतात. शिवाय तुम्हीच कंसात लिहिलंय की ही कादंबरी अनुवादित आहे. मग ओघ कुणाचा? मूळ लेखकाचा की अनुवादकाचा? अनुवादकाचं नाव नोंदीत नाही. जे एकूण एक वाक्य तुम्हाला आवडलं ते त्या माणसाने लिहिलेलं आहे. पुढच्या वेळी त्याचं नाव आधी लिहा. अनुवादकाचा उल्लेखसुद्धा न करता भाषेचं कौतुक केलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं.

आणि ही तुम्ही खोडलेली नोंद: 'कंटाळा. नायक १४० पानं स्वतःशीच बोलतोय. बहीण तीनदा खोलीत येते, एकेक वाक्य बोलून जाते. मला तिच्या मागोमाग बाहेर जावंसं वाटलं. गेले.'

वहीवाली, चारांतली ही सगळ्यात चांगली नोंद आहे आणि नेमकी हीच तुम्ही खोडलीत.

कंटाळा हीसुद्धा माहिती असते, पण तो कशाचा हे सांगितलं तर. तुम्ही ते सांगितलंय. या कादंबरीने एका माणसाच्या डोक्यात वाचकाला बसवून ठेवलंय, आणि दार तीनदा किलकिलं करून बाहेर कुणीतरी जास्त जिवंत आहे हे दाखवलंय. हे लेखकाने मुद्दाम केलं असेल का? असेलही. वाचकाला कोंडल्यासारखं वाटावं हाच त्याचा हेतू असू शकतो. तसं असेल तर तुमची नोंद त्या कादंबरीच्या बाजूनेही पुरावा ठरते. 'वेगळा प्रयोग, पुन्हा वाचायला हवी' यातून मात्र कुणालाच काही कळत नाही, तुम्हालाही नाही.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलावं का? सरांचं पहिलं वाक्य मी उडवून लावणार नाही. १४० पानं वाचून पूर्ण कादंबरीवर निकाल देता येत नाही, हे खरंच आहे. पण तुम्ही निकाल दिलाच नव्हता. १४० व्या पानावर सोडली असं तुम्ही सांगितलं होतंत. किती वाचलं ते सांगून त्या तेवढ्या पानांबद्दल बोलणं यात गैर काहीही नाही. न सांगता बोलणं मात्र गैर.

यावरून एक जुना किस्सा आठवतो. हर्मन मेलव्हिलची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी, 'मोबी डिक', १८५१ साली आधी लंडनमध्ये तीन खंडांत 'द व्हेल' या नावाने निघाली, आणि त्या आवृत्तीत शेवटचा उपसंहार छापलाच गेला नाही. जहाज बुडतं, आणि गोष्ट सांगणारा तेवढा कसा वाचला हे त्या उपसंहारात आहे. लंडनच्या समीक्षकांनी लेखकाला धारेवर धरलं: सगळेच बुडाले, तर ही गोष्ट सांगतोय कोण? पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या आवृत्तीत तो उपसंहार होता. लंडनवाल्यांची टीका त्या कादंबरीला लागू पडत नाही, पण त्यांच्या हातातल्या प्रतीबद्दल ती शंभर टक्के खरी होती. म्हणून नोंदीत लिहावं: कुठली आवृत्ती, कुणाचा अनुवाद, कितव्या पानापर्यंत. या तीन गोष्टी लिहायला अर्धी ओळ पुरते.

सरांचं दुसरं वाक्य, अभ्यासाचं, मला जास्त लागलं. तुम्हालाही तेच लागलं असणार, कारण पहिल्याने कुणी वही बंद करत नाही.

अभ्यासाने फायदा होतो हे मी नाकारणार नाही. आधीच्या शंभर कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला एकशे एकावीत नवं काय आणि उसनं काय हे लवकर दिसतं. पण पान ८८ वरचा बूट दिसायला तो अभ्यास लागत नाही. त्याला सावकाश वाचावं लागतं.

सोळाव्या शतकात मिशेल द माँतेन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होऊन गेला. पुस्तकांवरच्या निबंधात तो सरळ सांगतो की त्याची स्मरणशक्ती फार वाईट आहे. काही वर्षांपूर्वी नीट वाचलेलं, समासात स्वतःच्याच टिपा खरडलेलं पुस्तक तो कोरं समजून पुन्हा हातात घ्यायचा. त्यावर उपाय म्हणून एकदाच वाचायच्या पुस्तकांच्या शेवटी त्याने वाचून झाल्याची तारीख आणि एकंदर मत लिहून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे तुमचीच वही! त्यातल्या तीन नोंदी त्याने निबंधात उतरवल्या आहेत. ग्विच्चार्दीनी या इतिहासकारावरची नोंद तर तेव्हाच दहाएक वर्षं जुनी होती. त्यात तो म्हणतो, हा इतक्या माणसांच्या इतक्या कृत्यांची कारणं सांगतो, पण त्यांतलं एकही सद्गुणापायी, धर्मापायी किंवा सदसद्विवेकापायी झालं असं म्हणत नाही. सगळीकडे स्वार्थ नाहीतर हाव. हे लिहायला माँतेनला इतिहासकार असावं लागलं नाही. पूर्ण पुस्तकात एक गोष्ट कुठेच नाही, हे ध्यानात यायला हवं होतं, आणि ते आलं. तुमच्या कादंबरीतल्या बहिणीसारखंच आहे हे.

याच निबंधात तो असंही म्हणतो, की अवघड जागी एकदोनदा धडक मारून पाहतो, नाही जमलं तर तिथेच सोडतो. एखादं पुस्तक कंटाळवाणं झालं तर दुसरं घेतो. १४० व्या पानावर थांबणाऱ्यांची परंपरा चांगली जुनी आहे.

आता कर्ण. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, त्यामुळे यावर जरा रेंगाळते.

'मृत्युंजय' आणि 'युगान्त' एकाच वर्षी आली, १९६७ साली. दोन्ही एकाच महाभारतावर, दोन्हींत तोच कर्ण, आणि वाचून दोन वेगळी माणसं हाती लागतात. तुम्हाला वाटलं, दोघांपैकी कुणीतरी फसवलं. माझं म्हणणं, कुणीच फसवलं नाही. दोन्ही पुस्तकांनी वेगवेगळे शब्द दिले होते आणि आपापला शब्द पाळला.

शिवाजी सावंतांनी कादंबरी लिहिली आणि ती पात्रांच्याच तोंडून सांगितली: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. माणूस 'मी' म्हणून बोलायला लागला की आपण त्याच्या शेजारी जाऊन बसतो. त्याची जखम आधी दिसते, त्याने दुसऱ्याला केलेली जखम नंतर. प्रथमपुरुषी निवेदनाची ही ताकद आहे आणि लेखकाने ती पुरेपूर वापरली. तुम्ही रडलात ते खरं रडणं होतं. त्यात परत घेण्यासारखं काही नाही.

इरावती कर्व्यांनी दिलेला शब्द वेगळा होता. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून नंतरची भर वेगळी काढलेला पाठ, त्यांच्यासमोर होती. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. असं काम समोर ठेवून लिहिणाऱ्या लेखिकेला आपण विचारू शकतो: हे कुठे म्हटलंय? आणि आधार नसेल तर आपण तिला अडवू शकतो. सावंतांना आपण हा प्रश्न त्याच अर्थाने विचारू शकत नाही.

एक उदाहरण घ्या. स्वयंवरात द्रौपदी भर सभेत म्हणते, 'मी सूताला वरणार नाही.' कर्णाबद्दलची आपली किती कणव या एका वाक्यावर उभी असते! चिकित्सक आवृत्तीने हे वाक्य मुख्य संहितेत घेतलेलं नाही. द्यूतसभेत कर्ण द्रौपदीबद्दल जे बोलतो आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला सांगतो, ते मात्र संहितेत आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनतीन दिवस अस्वस्थ होते. कर्ण माझाही लाडका होता. अजूनही आहे, फक्त आता मला माहीत आहे की माझा लाडका कर्ण बराचसा नंतरच्या कवींनी आणि कादंबरीकारांनी घडवलेला आहे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. तो कुठला आहे, एवढं कळतं.

आणि सीमारेषा इतकी कोरीवही नाही. 'युगान्त'मधलं गांधारीवरचं प्रकरण उघडून पाहा. इरावतीबाईंनी ते बरंचसं कथेसारखं लिहिलंय, संवादांसकट. अशा जागी समासात एक खूण करत जा: इथे लेखिका पुराव्याने बोलतेय, इथे कल्पनेने. पेन्सिलने करा, पुढच्या वाचनात काही खुणा बदलतील.

तर कादंबरीबद्दल लिहिताना स्वतःला विचारा, माझं काय झालं आणि ते कुठल्या पानावर झालं. इतिहास, विज्ञान, समाज यांवरच्या पुस्तकाबद्दल हेही विचारा, पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न हवाच: हा काय म्हणतोय आणि कशाच्या जोरावर? आत्मकथन या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. लेखक 'हे घडलं' असा शब्द देतो, पण तो आठवणीवर विसंबून देतो. तिथे मी थोडी सैल असते, लेखकाने स्वतःला फार उजळ रंगवलंय असं वाटेपर्यंत.

मनाबद्दलच्या पुस्तकावरची तुमची नोंद आहे, 'डोळे उघडले. सगळ्यांनी वाचायला हवं.' यात दोन वेगळी विधानं एकत्र झाली आहेत: पुस्तकाने मला हलवलं, आणि पुस्तक खरं सांगतं. पहिलं विधान खरंच आहे, भाच्याने काहीही दाखवलं तरी ते खोटं होत नाही. दुसरं तुम्ही तपासलं नव्हतंत. बहुतेक वाचक तपासत नाहीत, कारण चांगलं गद्य वाचताना शंका सुचत नाही.

भाचा म्हणतो त्यात तथ्य आहे. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एका मोठ्या संशोधकगटाचं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता न येणारे निष्कर्ष होते. पुन्हा केल्यावर ते फक्त ३६ टक्क्यांत आले. त्याच्या आधीच्या काळात लिहिलेली कितीतरी लोकप्रिय पुस्तकं अशाच प्रयोगांवर उभी आहेत. डॅनिएल कानमान हे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या २०११ च्या गाजलेल्या पुस्तकात, माणसाला नकळत सुचवलेल्या गोष्टींचा वागण्यावर कसा परिणाम होतो यावर एक प्रकरण आहे. २०१७ मध्ये त्यांनी स्वतः उघडपणे मान्य केलं, की कमी लोकांवर केलेल्या अशा अभ्यासांवर आपण नको इतका विश्वास टाकला. पुस्तक लिहिणारा असं म्हणू शकतो, तर ते वाचून भारावलेल्या वाचकाला लाज कसली?

त्या चौघांना मात्र कळवा. 'मी दिलेल्या पुस्तकातला अमुक भाग आता तितका भक्कम मानत नाहीत' एवढं पुरे. भेट परत मागू नका.

पुढे असं पुस्तक हातात आलं की मी काय करते ते सांगते. आधी शेवटची पानं उघडते. टीपा आहेत का, संदर्भसूची आहे का, आणि सर्वांत धक्कादायक विधानाला टीप जोडलेली आहे का. मग मला ज्यातलं थोडंफार कळतं अशा विषयावर लेखक काय म्हणतो ते शोधते. तिथेच तो घसरला तर बाकीच्या प्रकरणांतही मी सावध होते. आणि पहिल्या आवृत्तीचं साल बघते. दहा वर्षांपूर्वीच्या कवितेला काही होत नाही, दहा वर्षांपूर्वीच्या मेंदूविज्ञानाला होतं.

वहीबद्दल एवढंच सांगते: काही खोडू नका. माझ्या वहीत एकाच कादंबरीवर दोन नोंदी आहेत, मधे एकोणीस वर्षं. पहिलीत मी नायिकेला भित्री म्हटलंय. दुसरीत लिहिलंय की घर न सोडण्यामागे तिचं काय गणित होतं ते आत्ता कळलं. पहिली नोंद मी खोडली असती तर मधल्या वर्षांत माझ्यात काय बदललं हे मला कधीच दिसलं नसतं. त्या वेळचं मत त्या वेळच्या तारखेसह राहू द्यावं. बदललं तर खाली नवी तारीख घालून नवं लिहावं. तुमचं मत मात्र बदललेलं नाही, ते दुसऱ्या कुणाच्या धाकाने झाकलं गेलंय. तेव्हा 'वेगळा प्रयोग' या ओळीखाली आजची तारीख घाला आणि जुनी नोंद जशीच्या तशी पुन्हा लिहा, 'गेले' या शब्दापर्यंत.

पुढच्या बैठकीला जा. सरांशी वाद घालायला नको, पण एक प्रश्न जरूर विचारा, मनापासून विचारा: "सर, १४० पानांनंतर ती बहीण पुन्हा येते का? आणि आल्यावर काय करते?" त्यांनी कादंबरी प्रेमाने वाचली असेल तर ते खुलून बोलतील, एखादं पान काढून दाखवतील, आणि कदाचित तुम्ही ती पुन्हा हातात घ्याल. नाही सांगता आलं, तर तिथे बसलेल्या बाकीच्यांना निदान त्या बहिणीबद्दल कुतूहल वाटेल.

आणि हो, डॉक्टरांच्या त्या पुस्तकाचं नाव तुमच्या नोंदीत नाही, पत्रातही नाही. पान ८८ एवढंच आहे. उलट टपाली कळवा, मला ते वाचायचंय.

तुमची,
ताई